गारठलेली गाडी, रजईतला मिस्त्री

संक्रांत झाली की खरमास, म्हणजे लग्नांना वर्ज्य महिना, सुटतो आणि ग्वाल्हेरात लग्नांची झुंबड उडते. शिंदे की छावणीत आमचं टेंट हाऊस आहे. वऱ्हाडाला गाद्या-रजया पुरवणं हा आजोबांपासूनचा धंदा. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा अर्धं शहर आमच्या रजयांत घोरत असतं आणि मी पहाटे साडेपाचला पिकअपमध्ये कुडकुडत असतो.

पिकअप सेकंडहँड. पहाटे तिसऱ्या सेल्फला चालू होते, ढगभर पांढरा धूर सोडते आणि हिव भरल्यासारखी थडथडते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी नुसता हुंकार. मग विचार. मग एक गचका देऊन निघते. पडावच्या पुलाच्या चढावर एकदा ती अशी अडखळली की मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे धंद्यात नसलेल्या चार पिढ्यासुद्धा त्यात आल्या. आणि दहा मिनिटांनी बघावं तर बाई अशा धावतात, जणू काही झालंच नाही.

इथेच सगळी गोम. मिस्त्रीचं दुकान बहोडापूरला, ट्रान्सपोर्ट नगरात. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आणि दुकान उघडतं साडेदहाला.

"भाईसाब, मक्खन चल रही है."

"अरे, सुबह देखो ना!"

"सुबह ही तो है."

घरच्यांचंही निदान झालं. काकांच्या मते डिझेलमध्ये भेसळ. मेहुण्याच्या मते क्लच. मेहुण्याकडे बिनगिअरची स्कूटर आहे. आई म्हणाली, तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे, तिची पानं खाल्ली की गळा सुधारतो म्हणतात, चार टाकीत टाकून बघ. बायको म्हणाली, दोनशे रजया आहेत, दोन बॉनेटवर घाला. घातल्या. सकाळी त्यांच्यावर एक कुत्री पिलांसह सुखाने झोपली होती. गाडीला काही फरक पडला नाही.

मिस्त्रीने आपल्या परीने डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर झटकला, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. हवेचा संशय अगदीच फुकाचा नव्हता. कुठे जोड सैल असला तर उभ्या गाडीतलं डिझेल रात्रभरात टाकीकडे मागे उतरतं आणि सकाळी पंपाच्या वाट्याला हवा येते. पण जोड सगळे घट्ट निघाले. मग म्हणाला, रात्री गाडी इथेच सोडा, सकाळी गार इंजिन बघतो. सोडली. दुकानातल्या पोरांनी रात्री शेकोटी पेटवली, ती नेमकी तिच्या तोंडाशी. सकाळी एका सेल्फात चालू.

शेवटी मी मिस्त्रीलाच आमच्या घरी झोपवायचं ठरवलं. आईने त्याला आमटी-भात वाढला, वर गजक दिली, आणि मी गोदामातली पाच किलो कापसाची नवी रजई काढून दिली. ही माझी चूक. साडेपाचला हाक मारली. काही नाही. दुसऱ्या हाकेला हुंकार आला. तिसऱ्या हाकेला उठला, तोंडातून पांढरी वाफ सोडली, दारापर्यंत दोन पावलं टाकली, थांबला, विचार केला आणि परत रजईत शिरला. लक्षणं मी ओळखली. आल्याचा चहा पोटात गेल्यावर त्याचे चारही सिलिंडर लागले.

मी सेल्फ मारला. मिस्त्रीने कान दिला आणि ओरडला, "अरे, ये तो दो पे चल रही है!"

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल फवारताच आपोआप पेटलं पाहिजे. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची गाजलेली चाचणी आउग्सबर्गला झाली, 17 फेब्रुवारी 1897 रोजी. जर्मनीतला फेब्रुवारी! त्याचा मिस्त्री कोणी उठवला असेल? तर, लोखंड थंडगार असलं की ही ऊब तेच पिऊन टाकतं, म्हणून सिलिंडरागणिक एक हीटर प्लग असतो. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर जिलेबीसारखा पिवळा दिवा लागतो, तोवर प्लगांची टोकं लाल होतात. आमची जिलेबी रोज इमानदारीने लागत होती. आत कोण तापलं, कोण नाही, ही चौकशी तिच्या कामात बसत नाही.

मिस्त्रीने प्लगांची वायर सोडवली. 12 व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. पहिला, उजेड. दुसरा, अंधार. तिसरा, अंधार. चौथा, उजेड. म्हणजे दोन सिलिंडर रोज गारठून बसत, कच्चं डिझेल धुरावाटे सोडत आणि बाकीच्या दोघांनी इंजिन तापवलं की मगच कामाला लागत. असे लोक आमच्या टेंट हाऊसमध्येही आहेत.

"पहले बताते ना, कि ठंडे में दिक्कत है," मिस्त्री म्हणाला.

पंधरा दिवस मी दुसरं काय सांगत होतो, हे मी विचारलं नाही. चारही प्लग बदलून व्हायचे होते.

आता गाडी पहिल्या सेल्फला लागते. बिल आलं तेव्हा त्यात फक्त प्लगांची किंमत होती, मजुरी शून्य. मला भरूनच आलं. परवा गोदामात मोजणी केली. एक रजई कमी भरली, पाच किलोवाली.