मानांकनाचं प्रमाणपत्र आणि 'निर्धास्त राहा'

"रुग्णालय निवडताना फक्त मानांकनाचं प्रमाणपत्र बघा. बाहेरचे तज्ज्ञ तपासतात, कोणीही तपासलं तरी निकाल तोच येतो. अशा ठिकाणी मृत्यू कमी होतात. प्रमाणपत्राची मुदत आहे तोवर निर्धास्त राहा." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. मी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम केलं आहे, तपासणीच्या तयारीत रात्री काढल्या आहेत. मानांकन, म्हणजे बाहेरच्या संस्थेने ठरलेल्या निकषांवर रुग्णालय तपासून दिलेली मान्यता, हवंच, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच हा मजकूर मला खटकतो.

'कोणीही तपासलं तरी निकाल तोच.' निकष छापील असतात, पण एखादा निकष 'पाळला' की 'अंशतः पाळला', हे माणूस ठरवतो. हातांच्या स्वच्छतेचंच घ्या. एक असेसर, म्हणजे तपासणीला आलेला तज्ज्ञ, नोंदवही पाहतो. ती चोख असते. दुसरा अतिदक्षता विभागात अर्धा तास उभा राहतो आणि हात न धुता एका खाटेवरून दुसरीकडे जाणारे डॉक्टर त्याला दिसतात. दोघंही प्रामाणिक, शेरे मात्र वेगळे.

यावर 'आमच्या असेसरांचं 85 टक्के निकषांवर एकमत असतं' असं कोणी सांगितलं, तर थोडं गणित करा. दोघंही 100 पैकी 90 निकषांना 'पाळला' म्हणत असतील, तर डोळे मिटून शेरे मारले तरी सरासरी 82 ठिकाणी ते जुळतील. योगायोग वजा करून उरलेलं एकमत 'कॅपा' या निर्देशांकाने मोजतात. पूर्ण एकमताला तो 1 असतो, निव्वळ योगायोगाला 0. इथे योगायोगापलीकडच्या 18 पैकी फक्त 3 ठिकाणी एकमत आहे, म्हणून तो जेमतेम 0.17 येतो. मानांकन देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा आकडा जाहीर करावा, असं मला कळकळीने वाटतं.

'मृत्यू कमी होतात.' अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया न झालेल्या आजारांत 30 दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण मानांकित रुग्णालयांत 10.2 टक्के, तर फक्त सरकारी तपासणी झालेल्यांत 10.6 टक्के होतं. संशोधकांनी आधीच ठरवलेल्या सांख्यिकी कसोटीवर हा फरक टिकला नाही. शस्त्रक्रियांत दोन्हीकडे 2.4 टक्केच. शस्त्रक्रिया न झालेल्या आजारांत पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मात्र मानांकित रुग्णालयांत थोडं कमी होतं, हेही सांगायला हवं. आणि दुसऱ्या गटाचीही तपासणी होत होती, हे विसरू नये.

'मुदतीपर्यंत निर्धास्त.' 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात न सांगता झालेल्या तपासण्यांचे आठवडे आणि त्यांच्या आगेमागचे आठवडे ताडून पाहिले होते. तपासणीच्या आठवड्यात दाखल झालेल्यांत मृत्यूंचं प्रमाण 7.03 टक्के, इतर आठवड्यांत 7.21. फरक लहान आहे, पण कोणी पाहत असलं की त्याच भिंतींच्या आत, तीच माणसं वेगळं काम करतात, असं त्यातून दिसतं. म्हणजे असेसरने पाहिलेला आठवडा हा रुग्णालयाचा नेहमीचा आठवडा नव्हता. त्यावरून पुढच्या काही वर्षांची हमी कशी द्यायची?

'बाहेरचे तज्ज्ञ', हे खरं आहे. पण तपासणीची फी बहुतेक ठिकाणी रुग्णालयच भरतं.

1918 मध्ये 'अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स' या सर्जनांच्या संघटनेने अमेरिका आणि कॅनडातली 100 किंवा त्याहून जास्त खाटांची 692 रुग्णालयं तपासली. निकष जेमतेम एका पानात मावत होते, तरी 89 च उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती यादी जाळून टाकली गेली. आज प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावतात. असेसरने काढलेल्या त्रुटींचा अहवाल रुग्णाला बहुतेक वेळा दिसतच नाही.