खुलासा: भाजीच्या कुंडीत मीठ घालू नका

पाऊस संपून परसातल्या भाजीची तयारी सुरू झाली की एक मेसेज फिरू लागतो: 'माडाला मीठ घालतात तसं मिरची-वांग्याच्या कुंडीत मूठभर घाला, कीड मरते, फळ भरपूर धरतं.' यातलं माडाचं तेवढं खरं आहे. माडाला मिठातलं क्लोराइड लागतं आणि खारेपणा सोसतो. मिरची, घेवडा यांना तो सोसत नाही.

हिशेब करून पाहा. मूठभर मीठ म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. १२ लिटरच्या कुंडीतली माती साधारण ४ लिटर पाणी धरते, म्हणजे लिटरला १२ ग्रॅमहून जास्त मीठ. समुद्राच्या पाण्यात ३५ असतं. मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात, माती ओली असूनही रोप मान टाकतं. मग लोक आणखी पाणी घालतात आणि खालच्या ताटलीत साचलेलं खारट पाणी कुंडी परत शोषते.

मीठ घालून झालंच असेल तर ताटली काढा, तळाचं भोक मोकळं करा आणि ३०-३५ लिटर गोडं पाणी थोडं थोडं करून वरून सोडा.

कीड घालवायला मीठ नको. माव्यासाठी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. फूल गळतं ते बहुधा पाण्याच्या अनियमितपणामुळे किंवा नत्र जास्त झाल्यामुळे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.