रेषा चिप ओलांडत नाही, धड ओलांडते

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, मग अंतिम रेषेवर छाती पुढे झोकायचा सराव तरी कशाला करायचा?" ती 800 मीटर धावते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: धावपटूच्या बुटाला किंवा छातीवरच्या क्रमांकाला लावलेली इलेक्ट्रॉनिक चिप सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक वेळ देते, म्हणून फोटो फिनिश, म्हणजे रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून निकाल लावणे, कालबाह्य झाले आहे, पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरला किशेन थॉम्पसनचा पाय आधी पोहोचला असूनही सुवर्णपदक नोआ लाइल्सला दिले गेले, त्या चित्रातले लांबट, वेडेवाकडे पाय आणि पांढरीफटक जमीन हा ते बनावट असल्याचा पुरावा आहे, आणि ज्याची चिप मॅटवर (रस्त्यावर अंथरलेल्या, चिप वाचणाऱ्या पट्टीवर) नोंदली गेली नाही, त्याने मधला रस्ता चोरला असे खुशाल समजावे.

बनावटपणाचा आरोप सर्वांत हास्यास्पद आहे, म्हणून आधी तोच घेतो. फोटो फिनिशचा कॅमेरा नेहमीसारखे छायाचित्र काढतच नाही. तो फक्त अंतिम रेषेची एक अरुंद उभी पट्टी पाहतो, त्या पट्टीची मोठ्या स्पर्धांत सेकंदाला किमान 1000 चित्रे घेतो (पॅरिसमधला कॅमेरा 40,000 पर्यंत घेऊ शकत होता) आणि ती एकाशेजारी एक चिकटवत जातो. म्हणजे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा बदलत नाही, वेळ बदलते. चित्रातला प्रत्येक उभा स्तंभ हा अंतिम रेषेचाच असल्यामुळे, आणि ती रेषा पांढरी रंगवलेली असल्यामुळे, जमीन सगळीकडे पांढरी दिसणारच. रेषेवर टेकलेले पाऊल तेवढा वेळ जागचे हलत नाही, म्हणून ते स्तंभामागून स्तंभात उमटत राहते आणि फळीसारखे लांब दिसते. वेगाने पुढे जाणारा हात मात्र आखडतो. चित्र असे दिसले नसते तरच शंका घ्यायला जागा होती.

थॉम्पसनचा पाय लाइल्सच्या छातीच्या आधी रेषेवर होता, हे खरे आहे. पण त्याने काहीच ठरत नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्सचा नियम स्पष्ट आहे: धावपटूचे धड अंतिम रेषेच्या अलीकडच्या कडेवरील उभ्या प्रतलाला पोहोचते तो क्षण धरायचा, डोके, मान, हात, पाय मोजायचे नाहीत. पंच पडद्यावरची उभी केसासारखी रेष सरकवत धडाच्या पुढच्या कडेला टेकवतो आणि वेळ वाचतो. त्या वाचनात लाइल्सचे 9.784 आणि थॉम्पसनचे 9.789 सेकंद निघाले. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक 400 मीटर अडथळ्यांत 55.42 विरुद्ध 55.41 अशा शतांश सेकंदाने हुकले, तेही याच मोजणीवर. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे, आणि अशा संदेशामुळे एखादी मुलगी तो सराव सोडून देईल, याचाच मला खरा संताप आहे.

आता चिपच्या अचूकतेविषयी. यंत्रातले घड्याळ हजारांश सेकंद दाखवते, हे मान्य; पण ते चिपची वेळ दाखवते, धडाची नव्हे. बुटाला बांधलेली चिप पावलाबरोबर पुढेमागे होते, आणि बिबवरची (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरची) चिप मॅटमधल्या अँटेनाच्या क्षेत्रात नेमकी कुठे वाचली जाईल हे प्रत्येक वेळी सारखे नसते. म्हणून नियमांनी चिपची वेळ स्टेडियमबाहेरच्या शर्यतींपुरतीच मान्य केली आहे आणि तिथेही 0.1 सेकंदाच्या अंतराने येणारे धावपटू वेगळे ओळखता आले की यंत्रणा पुरेशी मानली आहे. सेकंदाला 6 मीटर धावणारी मुलगी तेवढ्यात 60 सेंटीमीटर पुढे जाते. लांबच्या शर्यतीत एवढ्याने फरक पडत नाही, असेही कोणी म्हणू नये: 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या मॅरेथॉनचा निकाल, अल्फॉन्स सिंबू आणि अमानल पेट्रोस या दोघांची वेळ 2:09:48 असताना, फोटो फिनिशवरच लागला.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. हजारो जण एकत्र धावतात तेव्हा नुसता कॅमेरा निकाल लावू शकत नाही. बिब झाकलेले असतात, माणसे एकमेकांच्या आड येतात. कोण आले ते चिपच सांगते, आणि मागच्या रांगेतून निघालेल्याला त्याची स्वतःची निव्वळ वेळही, म्हणजे त्याने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ, चिपमुळेच मिळते. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात: चिपने आलेली नावे चित्राच्या त्या त्या क्षणाशेजारी येतात, आणि जिथे गर्दी दाट असते तिथे पंच चित्र पाहून क्रम पक्का करतो. एकाने दुसऱ्याला बाद केलेले नाही.

चिप नोंदली नाही म्हणजे चोरी, हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा तरी निकालाच्या टेबलावर बसावे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका 10 किलोमीटरच्या शर्यतीत एका मुलाने बिब घडी घालून कमरेच्या पट्ट्यात खोचला होता. घामाने भिजलेल्या अंगाला चिकटलेली चिप शेवटच्या मॅटवर वाचली गेली नाही आणि यादीत त्याचे नाव आले नाही. रेषेवरच्या चित्रीकरणात तो स्वच्छ दिसत होता. आम्ही वीस मिनिटांत त्याची वेळ यादीत घातली. तोवर गावाच्या ग्रुपवर त्याला चोर ठरवून झाले होते.