लीद पडनी का?

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे मला बघायला नाशिकला आले होते. चहाचे कप ठेवून मी आत वळले तसे म्हणाले, "पोरी, जरा दारापर्यंत जाऊन परत ये बरं." मी गेले आणि आले. नानांनी मान हलवली, "चाल सरळ आहे." आमच्या आईला वाटलं, माणूस जुन्या वळणाचा आहे. सासरी आल्यावर आठवडाभरातच नानांना एक घोडी विकत घेताना पाहिलं. तेच शब्द, तीच मान. माझे फक्त दात बघायचे राहिले होते.

शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आमची शेती आणि सहा घोडी. लग्नाआधी "थोडी जनावरं आहेत" एवढंच कानावर आलं होतं; मी आपली दोन म्हशी धरून चालले होते. या घरात माणसाच्या पोळीला तूप लावायचं का ते विचारून लावतात, पण रात्री घोड्यांचा हरभरा भिजत घालायला कुणी विसरल्याचं मी आठ वर्षांत पाहिलेलं नाही. मी तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा नाना दारातून म्हणाले होते, "पाणी पितेय ना? मग काळजी नाही."

तर गोष्ट मागच्या दत्तजयंतीची. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार. मारवाड, काठेवाडातून घोडे येतात. नाना आणि आमचे हे, दोघं दोन बछेरे घेऊन तिकडे तळ ठोकून बसलेले. घरी सासूबाई, नणंद, सालदार काका, मी आणि बिजली. बिजली म्हणजे आमची नुकरी घोडी, पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची. हिला यात्रेला न नेण्याचं कारण असं, की दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला तिची वरात होती. म्हणजे नवरदेवाची, पण आमच्याकडे ती बिजलीचीच म्हणतात.

सकाळी सालदार काका चुलीपाशी येऊन उभे राहिले. "वहिनी, बिजलीनं रात्रीपासून लीद टाकली नाही."

"टाकेल की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी 'घर पेटलंय' यावर 'विझेल की' म्हणाले होते. घोडं दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतं. आठ वर्षं मी त्याच लिदीवरून घर डोक्यावर घेत आले. अंगणात लीद, तुळशीपाशी लीद, एकदा ऐन दिवाळीत रांगोळीवर लीद! आणि आता ती नाही, तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

नानांना फोन लावला. मागे हलगी, कुणाचं तरी खिंकाळणं, आणि त्यातून नानांचे प्रश्न. पायानं जमीन उकरते का? उकरतेय. वळून कुशीकडं बघते का? बघतेय. हिरड्या कशा आहेत? गुलाबी. "आता कान लाव कुशीला. दोन्हीकडून ऐक."

मी पदर खोचला आणि बिजलीच्या पोटाला कान लावला. थंडीत तिचं अंग उबदार लागत होतं, गालाला केस टोचत होते, घामाचा आणि कडब्याचा वास. चांगल्या घोड्याचं पोट सारखं बोलत असतं, माठात कुणी पाणी ओततंय असं. इथं रविवारची शाळा! बिजलीनं मान वळवून माझा अंबाडा हुंगला आणि मोठा सुस्कारा सोडला. एकमेकींच्या इतक्या जवळ आम्ही पहिल्यांदाच आलो होतो.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले. म्हणाले, थंडीत पाणी कमी पितात, वर कोरडा कडबा, मग आत बसतं घट्ट. त्यांनी तिच्या नाकातून हातभर नव्हे, चांगली दोन-अडीच मीटर नळी आत सरकवली आणि वरून पातळ तेल सोडलं. ते बघून मलाच मळमळलं. घोड्याला मात्र ती सोय नाही. त्याला उलटी होतच नाही. देवानं बाहेर पडायला एकच दार ठेवलंय, आणि नेमकं तेच बंद. "दाणावैरण बंद. हळूहळू फिरवत राहा. लोळू द्यायचं नाही. लीद पडली की फोन करा," असं सांगून ते गेले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. गोठा, विहीर, कडुनिंब, परत गोठा. अर्धा तास मी, अर्धा तास नणंद, अर्धा तास सालदार काका. गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. कुणी ओवा आणला, कुणी हिंग, एक आजी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला आल्या. काढू दिली, तिनं नुकसान तरी नव्हतं. दर पाऊण तासानं नानांचा फोन. एरवी माझ्याशी सगळे पुस्तकी मराठीत बोलतात, पण घोर लागला की घर अहिराणीवर येतं. हॅलो नाही, काही नाही, थेट, "लीद पडनी का?"

"नही पडनी, नाना."

दुपारी अनोळखी नंबर. दोंडाईच्याचे नवरदेवाचे मामा. बराच वेळ हवापाणी बोलून झालं, मग आवाज खाली आला, "वहिनी, रागावू नका, पण... पडली का?"

चारच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली. नणंदेला एक स्थळ सांगून आलं होतं, धुळ्याचं. ती मंडळी दत्ताचं दर्शन करून परतत होती. "म्हटलं, जाता जाता मुलगी बघून जाऊ." मुलगी त्या वेळी भावाचा जुना शर्ट आणि गमबूट घालून घोडीचा दोर धरून कडुनिंबाखाली उभी होती. मी कान लावून होते. सासूबाई मागच्या बाजूला, शेपटीवर डोळा ठेवून.

पाहुण्यांना बाजेवर बसवलं. मुलाच्या आईनं विचारलं, काय झालंय? सासूबाईंनी सगळं सांगितलं, तपशिलासह. तेवढ्यात स्पीकरवर ठेवलेला फोन गरजला, "लीद पडनी का?" मुलाच्या वडलांचा चहा बशीतच राहिला.

मुलगा पुण्याला इंजिनिअर. पांढरे बूट. त्याला काय वाटलं कोण जाणे, उठला आणि नणंदेला म्हणाला, "तुम्ही दमला असाल, मी फिरवतो." विहिरीपर्यंत गेला छान. वळताना आतल्या बाजूला राहिला आणि बिजलीनं नाल मारलेला पाय शांतपणे त्याच्या बुटावर ठेवला. तो ओरडला नाही, हे मात्र सांगायला हवं. नुसता लाल झाला.

आणि शेपटी वर झाली.

अंगण स्तब्ध. आधी वारा सरला, लांबलचक, सावकाश. मुलाच्या वडलांनी आभाळाकडं बघितलं. मग एक गोळा, कडक, तेलानं चकाकणारा. मग दुसरा. मग धबाधबा.

"पडनी! पडनी!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मुलाची आई रेशमी साडी सावरत उठली आणि तीही, "पडनी वं माय!" शेवटी खानदेशातलीच.

नानांना कळवलं. तिकडं तंबूत एकच आरोळी उठली. ती ओसरल्यावर नाना म्हणाले, "पाव्हणे आलेत म्हणे. पोरगा कसा?"

"चांगला वाटतो. इंजिनिअर आहे, पुण्याला असतो."

"ते राहू दे. चाल कशी?"

मी बघितलं. तो बाजेकडं चालला होता. "आज सांगता येणार नाही, नाना. डाव्या पायानं लंगडतोय."

नाना क्षणभर गप्प राहिले. मग काळजीनं म्हणाले, "खूर गरम लागतो का, हात लावून बघ."