हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका

बॅटरी कामगारांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेवरच्या लेखात हिमोग्लोबिनवरच सगळा भर दिलाय, पण ते घसरतं फार उशिरा. रक्तातलं जवळपास ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींतच असतं. हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, बनवणारी एन्झाइम्स शिशामुळे हिमोग्लोबिन घसरण्याआधीच मंदावलेली असतात; शेवटच्या पायरीला लोहाच्या जागी झिंक बसतं, म्हणून झिंक प्रोटोपॉर्फिरिन (लोहाऐवजी झिंक बसलेला तो रेणू) वाढतं.

मी लॅबमध्ये स्लाइड बघतो. पेशीत निळी शाई शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसले की पहिला प्रश्न, 'काम काय करता?' (थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारातही दिसतात, त्यामुळे घाई नको.) ठिपके नाहीत म्हणजे सुटलो असंही नाही, रक्तातलं शिसंच मोजावं लागतं. आणि हो, शिशाची धूळ बसलेले कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, हे लेखात राहून गेलंय.