पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही, आणि कुंडी मशीनचं काम करत नाही

आमच्या मनीषनगरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, तुळस ओझोन देते, खोलीत स्नेक प्लांट ठेवला की श्वासाच्या रुग्णाला ऑक्सिजनची मशीन लागत नाही, आणि इतर झाडांखाली रात्री झोपलं तर माणूस गुदमरतो, असं त्यात आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एरवी असले मेसेज मी सोडून देतो. पण शेजारच्या काकांना घरी अशी मशीन लावलेली आहे, त्यांच्या खोलीत आता सहा कुंड्या आल्यात आणि परवा त्यांचा मुलगा मला विचारत होता, "सर, रातच्याला मशीन बंद ठेवली तं चालन ना? झाडं तं ऑक्सिजन देऊनच राहिले."

नाही चालणार.

आधी पिंपळाचं पाहू. पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यापासून येतो, आणि पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश लागतो. अंधार पडला की हे काम थांबतं, झाड कितीही पवित्र असो. यान इंगेनहाउस या डच वैद्यानं 1779 मध्येच दाखवून दिलं होतं की हिरवी पानं उजेडात हवा सुधारतात आणि अंधारात बिघडवतात. श्वसन मात्र चोवीस तास चालतं, आपलं तसंच झाडाचं.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. पानठेल्यावरचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी वरची स्वच्छ निवळी दोन वाट्यांत काढा. झाकण घट्ट बसणारे दोन मोठे डबे घ्या. एकात पिंपळाची दहा-बारा ताजी पानं आणि एक वाटी, दुसऱ्यात नुसती वाटी. दोन्ही डबे रात्रभर अंधारात ठेवा. माझ्या वर्गातल्या मुलांनी सकाळी झाकणं उघडली तेव्हा पानांच्या डब्यातल्या निवळीवर दुधाळ पांढरी साय धरली होती, दुसरी जवळजवळ तशीच नितळ. ती साय कार्बन डायऑक्साइडमुळे आली, आणि त्या डब्यात तो सोडणारं पानांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

हा गैरसमज कुठून आला असावा, तेही सांगतो. कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट ही कोरड्या हवेतली झाडं पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतात. ऑक्सिजन तयार होतो तो दिवसाच. 'रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात' याचं कुणीतरी 'रात्री ऑक्सिजन देतात' करून टाकलं.

तुळशीला ओझोन सोडता येत नाही, आणि सोडला असता तर मी ती अंगणात ठेवली नसती. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच.

आता गुदमरण्याचं. झोपलेला माणूस मिनिटाला साधारण 250 मिली ऑक्सिजन वापरतो, म्हणजे आठ तासांत 120 लिटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे 5,900 लिटर ऑक्सिजन असतो. पूर्ण माणसाला रात्रभरात त्यातला दोनच टक्के लागतो, मग कुंडीची भीती कशाला? उघड्यावर तर हवा सतत हलते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की झाडाखाली खाट टाकणारे आपले आजोबा-पणजोबा काही गुदमरले नाहीत.

याच हिशेबातून काकांच्या मुलाला उत्तर मिळतं. काकांच्या खोलीत ऑक्सिजन कमी नाहीच. हवेत तो 21 टक्के आहे, कुंड्या असोत वा नसोत. कमी पडताहेत ती काकांची फुप्फुसं, हवेतला ऑक्सिजन पुरेसा रक्तात पोचवायला. मशीन त्याच खोलीतली हवा ओढते, नायट्रोजन बाजूला काढते आणि 90 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन नळीतून नाकापर्यंत देते. हे कुठल्याही पानाला जमत नाही. दुपारच्या भर उन्हातही नाही.

कुंड्या खिडकीत राहू दे, काकांना हिरवं पाहून बरं वाटतं. मशीन मात्र डॉक्टरांनी सांगितले तितके तास, सांगितलेल्या आकड्यावरच चालव. स्वतःच्या मनानं बंदही करू नको आणि वाढवूही नको.