दोन-पाचशे डॉलरात अमेरिकेत घर? अरे कुठलं!

ही रील मला महिन्याभरात तीनदा आली, तिसऱ्यांदा तर मामेभावाकडून, खाली "तू तिथंच राहतोस ना, बघ की जरा". रीलमधला माणूस सांगतो की अमेरिकेत कुणाचाही थकलेला प्रॉपर्टी टॅक्स भरा, दोन-पाचशे डॉलरात घर तुमचं, ज्यांचं जातं ते तसेही टॅक्स बुडवणारे, आणि सरकार आपली थकबाकी कापून उरलेले पैसे त्यांना देतंच, म्हणजे नुकसान कुणाचंच नाही. एकेक घेतो.

टॅक्स भरला की घर तुमचं, हे पहिलं. दादा, शेजाऱ्याची घरपट्टी तू भरून आलास तर त्याचा फ्लॅट तुझा होतो का? इथंही नाही होत. मी न्यू जर्सीत आहे, इथं टाऊनशिप, म्हणजे गावची नगरपालिका, लिलाव करते तो घराचा नाही, थकबाकी वसूल करायच्या हक्काचा, त्याला टॅक्स लियन म्हणतात. बोली पण उलटी, व्याज १८ टक्क्यांपासून खाली येत जातं आणि जो कमी व्याज मागेल त्याला लियन. मालकाने व्याजासकट पैसे भरले की तुझे पैसे परत, विषय संपला. नाहीच भरले तर दोन वर्षं थांब, वकील लाव, कोर्टात जा. अॅरिझोनात तीन वर्षं थांबायचं. टेक्सासात घर खरंच विकतात, पण राहतं घर असेल तर मालकाला ते सोडवून घ्यायला दोन वर्षं असतात. चांगली घरं बहुतेक सुटतातच, नवख्याच्या गळ्यात पडते ती नाल्याकाठची चिंचोळी पट्टी, जी कुणालाच नको असते.

आता "बुडवणारे". याचा मला जास्त राग आला. घरावर कर्ज असलं की बहुतेक वेळा महिन्याच्या हप्त्यातच टॅक्सचे पैसे घेतले जातात आणि परस्पर भरले जातात, त्यामुळे कर्जवाल्याचं घर टॅक्सपायी सहसा जात नाही. जातं ते बऱ्याचदा ज्याने तीस वर्षं हप्ते भरून घर मोकळं केलंय त्याचं, कारण त्यानंतर बिल थेट घरी येतं, आमच्याकडे वर्षातून चार हप्ते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे फ्रिजवर पाकिटांचा गठ्ठा होता, रबर लावून नीट ठेवलेला, सगळी वारलेल्या नवऱ्याच्या नावची. एकही उघडलेलं नाही. त्यांना वाटायचं बँकच भरते, कारण पूर्वी भरायची! आणि थकबाकीला पहिल्या दीड हजार डॉलरपर्यंत ८ टक्के, त्याच्या वरच्या रकमेला १८ टक्के व्याज.

उरलेले पैसे मालकाला मिळतात, हे तर बऱ्याच राज्यांत परवापर्यंत सरळ खोटं होतं. मिशिगनमध्ये एका भाड्याने दिलेल्या घराचे ८ डॉलर ४१ सेंट भरायचे राहिले, व्याज-खर्च धरून २८५ डॉलर झाले, काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) घर २४,५०० ला विकलं आणि सगळे पैसे ठेवून घेतले. २०२० मध्ये तिथल्या, म्हणजे त्या राज्याच्या, सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलरबाई तर ८१ व्या वर्षी वृद्धांच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या आणि मागे राहिलेल्या छोट्या काँडोचा, म्हणजे मालकीच्या फ्लॅटचा, टॅक्स थकला, मूळ सुमारे २,३०० डॉलर, दंड-व्याजासकट १५,०००. हेनेपिन काउंटीने तो ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० परत द्यायचं नाव नाही. बाई ९४ वर्षांच्या असताना, २५ मे २०२३ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ९-० निकाल त्यांच्या बाजूने दिला, की सरकारने आपला टॅक्स घ्यावा, त्याहून जास्त नाही. त्यानंतर राज्यांना कायदे बदलावे लागले, न्यू जर्सीनेही २०२४ मध्ये बदलला. म्हणजे बघ, कवडीमोलात घर हा जो काय फायदा रीलवाला विकतोय तो याच पैशातून यायचा, मालकाच्या.

आजींचा लियन कुणीतरी घेतला होता. त्यांची मुलगी बँकेचा चेक घेऊन टॅक्स कलेक्टरच्या खिडकीवर गेली, मी गाडी चालवायला सोबत. लियनवाल्याला त्याचं व्याज मिळालं, घर आजींचंच राहिलं. आता बिल मुलीच्या पत्त्यावर येतं.